झडतीची खोली

जुन्या लायनीचे रूळ उचलायला माणसं आलीत, असं दत्तानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मला एकदा नेऊन आण. दत्ता माझा पुतण्या. धाराशिवला शाळेत मास्तर आहे. केस पिकले तरी अजून वर्गात बोलल्यासारखं मोठ्यानं बोलतो. त्याला वाटलं, आत्याला छोट्या गाडीचा उमाळा आला. त्याचेच डोळे भरून आले. म्हाताऱ्या माणसांना उमाळे आले की शिकलेल्यांना फार बरं वाटतं. मी त्याचा समज तसाच राहू दिला.

मोटारीत त्यानं पेढ्यांचा पुडा ठेवला होता. महिन्यापूर्वी त्याच्या सुनेला मुलगा झाला, तेव्हापासून तो दिसेल त्याच्या हातावर कुंथलगिरीचा पेढा ठेवत सुटलाय. सातव्या महिन्यात तिची ओटी भरली तेव्हा मला त्यानं मुद्दाम बोलावलं होतं. "आता तसलं कोन मानतंय आत्या? पहिली वटी तुमीच भरा," म्हणाला. मी गुडघे दुखतात असं सांगितलं आणि गेले नाही.

ठेसनावर बघण्यासारखं काही उरलेलं नाही. फलाटावर रुई माजली आहे. तिकिटाच्या खिडकीला चौकट नाही, पाण्याच्या टाकीचा नुसता दगडी चौथरा आहे. नवी मोठी लाइन पलीकडून गेली, तिचे खांब ज्वारीच्या वर दिसतात. जुने रूळ चार-चार माणसं खांद्यावर घेऊन ट्रकात टाकत होती. रूळ रुळावर पडला की जो आवाज व्हायचा, तेवढा ओळखीचा वाटला.

खोली मात्र उभी होती. रुळांपासून दहा पावलांवर, चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, एक दार. आत कुणीतरी शेळ्या बांधतं. मी दारात उभी राहिले आणि लेंड्यांच्या वासाखालून तापलेल्या पत्र्याचा वास आला. साठ वर्षांत तो वास मी दुसरीकडं कुठं घेतला नव्हता.

"हे काय व्हतं आत्या? गोदाम?" दत्तानं विचारलं.

"झडतीची खोली."

"कुनाची झडती?"

"बायांची. घेनारी मी."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. त्याला फोटो काढायचे होते, तो टाकीकडं गेला. मी आत गेले.

आमचं ठेसन हद्दीवरचं. लातूरकडून आमच्यापर्यंत गाडी निजामाच्या राज्यातून यायची. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. आमच्या पुढं थोड्या अंतरावर इंग्रजाची हद्द लागायची, मग बार्शी, मग कुर्डुवाडी. एका राज्यातला माल चोरून दुसऱ्या राज्यात जाऊ नये म्हणून ठेसनावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. लढाईचे दिवस होते. साखर, कापड, रॉकेल, सगळ्याला कंट्रोल लागलेला. नाक्यावर एक नाकेदार, दोन शिपाई आणि माझा बाप चपराशी.

गाडी लहान होती, खेळण्यातली वाटावी इतकी. मोठ्या माणसांचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागायचे. बार्शीकडून येताना घाट चढायला लागली की तिला धाप लागायची. तरणी माणसं खाली उतरून तिच्याबरोबर चालायची, वाटेतली बोरं तोडायची आणि पुढच्या वळणावर पुन्हा चढायची. रामलिंगाच्या झाडीतून आधी धूर वर यायचा, मग शिट्टी, आणि गाडी कितीतरी वेळानं. पौषात डब्याच्या दारातून हुरड्याचा आणि ओल्या हरभऱ्याचा वास यायचा. चैत्रात इंजिनाचं पाणी संपायचं आणि डायवर हातात डबा घेऊन विहिरीकडं बघत उभा राहायचा. कोळशाची कणी डोळ्यांत गेली की बाया एकमेकींच्या डोळ्यांतली कणी पदराच्या टोकानं काढायच्या, फुंकर घालायच्या. त्या वेळी पूर्ण अनोळखी बाई दुसरीचं तोंड दोन्ही हातांत धरायची. माझं कुणी धरलं नाही. माझ्या डोळ्यांत कणी गेली तर मी ती तशीच चोळून काढायची.

लोक आता त्या गाडीच्या आठवणी काढून हळहळतात. मी हळहळत नाही. मला दुरून तिची शिट्टी ऐकू आली की मी लुगड्याला हात पुसायची आणि खोलीच्या दारात उभी राहायची.

लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांची. सासर परंड्याकडं. नवरा वर्षाच्या आत तापानं गेला. त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही, खोकला आठवतो. त्यानंतर सासूनं माझं नाव घ्यायचं सोडलं. ती मला ब्याद म्हणायची. गळ्यात पडलेली पीडा म्हणजे ब्याद. "ब्याद उठली का?" "ब्यादीला भाकर टाका." घरातल्या लहान पोरांना ते माझं नावच वाटायचं. एकदा कुणा पाव्हण्यानं विचारलं, ही कोण, तर दिराच्या चार वर्षांच्या पोरीनं शहाण्यासारखं सांगितलं, "ही ब्यादकाकू." सगळे हसले. मीही हसले, नाहीतर सासूनं विचारलं असतं की तोंड का वाकडं केलंस. चार वर्षं तिथं शेण काढल्यावर बापाला कीव आली आणि त्यानं मला ठेसनावर आणलं. तेव्हा मी सतरा वर्षांची होते.

कीव आली म्हणते खरी. बापाला नाकेदारानं विचारलं होतं.

बायांची झडती घ्यायला बाईच लागते. माझ्या आधी दोघी होत्या, दोघी कुंकवाच्या. त्यांच्याकडून काही होईना, कारण ओटी. सवाष्णीची ओटी भरली, म्हणजे तिच्या लुगड्याच्या ओच्यात तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड घातलं, की ती घरी जाऊन देवापुढं सोडेपर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही. चोरट्या बायांना हे पक्कं माहीत. चांदी, साखर, रेशमी खण, सगळं ओच्यात. वर दोन मुठी तांदूळ आणि एक नारळ. झडतीवाल्या दोघी समोर भरली ओटी दिसली की हात जोडायच्या आणि बाजूला व्हायच्या.

"ऐसी औरत होना, जिसकू कायका डर नै," नाकेदार बापाला म्हणाला. "तेरी बेटी है ना, वो सफेद कपालकी?"

नाकेदाराचं डोकं चाललं होतं. माझ्या हाताला डर नव्हता, माझ्या हाताचाच डर होता. मी नुसता हात पुढं केला की भरल्या ओटीची बाई पत्र्याला जाऊन टेकायची. "शिवू नगं बाई, तुज्या पाया पडते, शिवू नगं," म्हणत स्वतःच गाठ सोडायची आणि तांदळाखालची चांदी काढून टेबलावर ठेवायची. मला कधी खरोखर हात लावावा लागला नाही. आणि लावायचा नाही हे मी मनात ठरवलेलंही होतं. तेवढी एक रेघ मी स्वतःभोवती ओढून घेतली होती.

बाकी मला ते काम आवडायचं. खोटं कशाला सांगू? ज्यांच्या हळदीकुंकवाला मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, त्या माझ्यापुढं थरथरायच्या. कुणी मला बाईसाहेब म्हणायची. मी त्यांचे आंबाडे सोडायला लावायची, चोळीच्या गाठी तपासायची, उन्हाळ्यात पत्रा भाजत असताना मुद्दाम सावकाश करायची. एकीनं शिंक दिली म्हणून तिला मी गाडी सुटेपर्यंत उभं ठेवलं होतं. त्या खोलीत माझ्याइतकी दुष्ट बाई लायनीवर दुसरी नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता.

झडती झाली, काही सापडलं नाही, की मी दारातून मोठ्यानं ओरडायची, "पाक!" पाक म्हणजे साफ, निर्मळ. नाकेदाराचा शब्द. तो बाहेर ऐकायचा, खडूनं पेटीवर खूण करायचा आणि बाई मोकळी. मी दिवसातून दहा-वीस बायांना पाक ठरवत होते. घरी मात्र भावजय मला देवाच्या खोलीत येऊ देत नव्हती.

पहिले काही महिने टेबल भरायचं. मग बाया शहाण्या झाल्या, माल रामलिंगाच्या जंगलातून गाढवांवर जाऊ लागला. दिवाळी गेली, पौष उजाडला, माझ्या खोलीतून नुसतं पाक, पाक, पाक. एक दिवस नाकेदारानं बापाला बोलावलं आणि एका चांदाची, म्हणजे महिन्याची, मुदत दिली. "तेरी बेटीका हाथ ठंडा हो गया. आता चांद देखता मैं. कुच नै मिल्या तो फिर नक्को."

घरी बापानं भाकरी मोडता मोडता सांगितलं, "मंग परंड्याला जावं लागंल बग. भावजय न्हाय ठिवून घ्यायची."

"तितं म्या मरंन," मी म्हणाले.

"मरशील न्हायतर काय. पर जावं लागंल."

त्या दिवसापासून मला गाडीच्या शिट्टीनं घाम फुटायला लागला. कुणाकडं तरी काहीतरी सापडायलाच हवं होतं. सापडलं नाही तर मी पुन्हा ब्याद.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात खबर आली. शिपाई धावत आला: लातूरच्या गाडीत एक पोटुशी बाई आहे, हिरवं लुगडं, तिच्या ओटीत चांदी आहे. नाकेदारानं माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली.

त्या दिवशी गाडीतून बाया फार उतरल्या नाहीत. पहिली खोलीत आली ती एक म्हातारी आराधीण. आमच्या भागात देवीच्या नावानं परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या असतात त्यातली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात वेताची परडी, परडीत भंडारा, म्हणजे देवीची हळद. ती दर पंधरा दिवसांनी या गाडीनं जायची. मी काही म्हणायच्या आत तिनं चिमूटभर भंडारा घेतला आणि माझ्या कपाळाला लावला.

"उदे गं आई," ती म्हणाली. "माजी लेक दमली. आन्न खाल्लंस का न्हाय?"

माझ्या कपाळाला कुणी बोट लावून पाच वर्षं झाली होती. मला रडू फुटलं. मी परडीकडं बघितलं नाही, तिच्या कमरेला हात लावला नाही, तशीच दारात जाऊन ओरडले, "पाक!"

दुसरी ती हिरव्या लुगड्याची.

माझ्याच वयाची होती. गोरी, घामेजलेली, पोट पुढं आलेलं. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. डबी चांदीची असली तरी त्याला मी कधी हात लावत नसे. लिंगायत बायांचं लिंग सोडून मी बाकी बघायची. ओचा टचटचीत भरलेला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. बाहेर तिचा भाऊ उभा होता. लातूरला सासर, अक्कलकोटच्या पलीकडं माहेर, बाळंतपणाला घेऊन चाललोय, असं तो शिपायाला सांगत होता.

मी नेहमीसारखा हात पुढं केला. आता ही पत्र्याला टेकेल, गाठ सोडेल, चांदी काढेल. ती टेकली, पण गाठ सोडेना. काहीतरी बोलली. मला कळेना.

"उडी," ती म्हणाली. "उडी तुंब्यार."

बाहेर शिपाई फिदीफिदी हसला. "उडी मारती म्हन की गाडीतनं! मार म्हनावं, पोरगं आदी भाईर यील." मीही हसले. ती दाराकडं आणि माझ्याकडं बघत राहिली.

मी अजून एक पाऊल पुढं गेले. "सोड गाठ," मी म्हणाले. "न्हायतर म्या सोडंन."

आणि तिनं मान हलवत, रडत, भराभरा म्हटलं, "ब्याड अक्का, ब्याड... ब्याड..."

मी काय ऐकलं ते सांगते. मी ब्याद ऐकलं. परंड्याची सगळी चार वर्षं त्या पत्र्याच्या खोलीत येऊन उभी राहिली. हिला कुणी सांगितलं माझं नाव? कुठून कळलं? लातूरच्या पेठेतल्या सुनेनं, भरल्या पोटानं, हिरवं लुगडं नेसून, माझ्या नाक्यावर येऊन मला ब्याद म्हणावं?

मी तिचे हात पिरगाळून बाजूला केले आणि ओच्याला हात घातला. गाठ सुटली. तांदूळ जमिनीवर पसरले, त्यावर सुपाऱ्या, खारका, हळकुंडं. खण तांदळावर पडला. नारळ गडगडत टेबलाखाली गेला. मी पायानं तांदूळ पसरले आणि बघितलं. चांदी नव्हती. एक गुंजभरही नव्हती.

ती ओरडली नाही. खाली बसली, पोट असल्यामुळं तिला नीट बसता येईना, एका गुडघ्यावर टेकली आणि तांदूळ गोळा करायला लागली. माझ्या पायाखालचेही. मी पाय उचलला नाही. ती बोटांनी माझ्या पायाच्या कडेचे दाणे ओढत होती. गाडीनं शिट्टी दिली. बाहेरून भाऊ हाका मारू लागला, "निंगव्वा! निंगव्वा!" जेवढे मुठीत आले तेवढे तांदूळ तिनं ओच्यात घातले, मातीसकट, आणि ती गेली. जाताना माझ्याकडं बघितलं नाही.

"कुच मिल्या?" नाकेदारानं विचारलं.

"पाक," मी म्हणाले.

बापानं तांदूळ झाडून कोंबड्यांना टाकले. नारळ टेबलाखालीच राहिला होता. संध्याकाळी मी तो दगडावर फोडला आणि गुळाबरोबर खाल्ला. खोबरं गोड होतं.

मला वाटलं, आता परंडा. पण झालं उलटंच. आठवडाभरात सगळ्या लायनीवर बोभाटा झाला की त्या ठेसनावरची रांड भरल्या ओटीत हात घालते, पोटुशीचीसुद्धा सोडत नाही. लातूर, मुरूड, ढोकी, डब्याडब्यांतून तेच. बाया गाडीतच गळू लागल्या. खोलीत शिरायच्या आत काढून द्यायच्या, काही तर ठेसन यायच्या आधी माल खिडकीतून फेकून द्यायच्या आणि आमचे शिपाई रुळाच्या कडेनं तो गोळा करत फिरायचे. नाकेदार खूश झाला. "अब पक्का," म्हणाला. माझी नोकरी कायम झाली. भावजयीनं त्या रात्री मला आधी वाढलं.

चांदी कुठं होती ते मला फार पुढं कळलं. निजामाचं राज्य गेलं, नाका उठला, मी बार्शीला एका जिनिंगमध्ये कापूस निवडायला जात होते. बाजारात ती आराधीण भेटली. मला बघून तोंडभर हसली. "माज्या परडीत व्हती की गं," ती म्हणाली. "भंडाऱ्याखाली. आन् खबर बी म्याच धाडली व्हती. पोटुशीवर डोळा गेल्यावर म्हातारीकडं कोन बगतंय?" मग तिनं चिमूटभर भंडारा काढला आणि माझ्या कपाळाकडं हात नेला. मी तोंड फिरवलं नाही. दुसरं कुणी लावणारं नव्हतं, लावू दिला.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. तेच सांगायचं होतं, बाकीचं मी उगाच लांबवत बसले.

मिरगाच्या आधीचे दिवस होते. पत्रा इतका तापायचा की पाठ टेकली तर कातडं चिकटायचं. कुर्डुवाडीकडून येणारी गाडी घाट चढून आली, इंजिन फुसफुसत उभं राहिलं, आणि डब्यातून तो भाऊ उतरला. मागून ती. तेच हिरवं लुगडं, आता विटलेलं. कडेवर काही नाही, भावाच्या हातातही एक पेटी, बस.

मी कळून न कळल्यासारखं केलं. आपण चुकलो असं वाटलं की माझी जीभ आधी चालते, तसा माझा स्वभावच आहे. मी भावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आज काय शिव्या देनार का तुमची भन? मागल्या येळंला मला ब्याद म्हनली. माजं काय काळीज न्हाय व्हय?"

तो थांबला. सरळ माणूस होता, बाजारात कापड मोजून देणाऱ्यांचा असतो तसा आवाज होता त्याचा. "ब्याद न्हाय बाई," तो म्हणाला. "तिला तवा तुमची भाषा येत नव्हती. ब्याड म्हनली आसंल. आमच्यात नगं म्हनायचं आसलं की ब्याड म्हनत्यात."



"उडी म्हंजी वटी," तो म्हणाला. "वटी भरलीया, हात नगं लावू अक्का, आसं म्हनत व्हती. अक्का म्हंजी थोरली भन."

"अक्का कळतं मला," मी म्हणाले. मग विचारलं, "लेकरू?"

त्यानं पेटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "पोरगी व्हती. तिसऱ्या दिशी गेली."

बायाबायांत पुढं कुजबूज होती की माझ्या हातानं गेली. मी तसं मानत नाही, तेव्हाही मानलं नाही. त्या काळात पहिलटकरणींची लेकरं अशीच जायची, दर चार घरांत एक. हातात असं काही नसतं. पण ती तसं मानत होती. अक्कलकोटपासून लातूरपर्यंत, आणि तिथून पुढं जितकी वर्षं जगली असेल तितकी, तिनं तसंच मानलं असणार. तिच्यापुढं माझं मानणं कुठं टिकणार?

नाकेदार ओरडला, "चलो, जल्दी करो." नियम नियम होता. कुणालाही झडतीवाचून सोडायचं नव्हतं. ती खोलीत आली, मी मागून आले. दार लोटलं.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. नको म्हणजे नको, मला कळायला हवं होतं. नाकेदाराचं नक्को मला कळत होतं, परंड्याच्या सासूच्या चारशे शिव्या कळत होत्या. रडणारी बाई मान हलवून काय म्हणत असेल, एवढं कळायला भाषा कशाला लागते? मी कळून घेतलं नाही, कारण मला तेव्हा चांदी हवी होती. माझा हात पुढं गेला नाही. तो मी पाठीमागं धरला होता.

तिनंच केलं. माझ्याकडं बघत, सावकाश, तिनं कमरेशी खोवलेला ओचा सोडला. दोन्ही हातांनी त्याची टोकं धरून माझ्यापुढं पसरला, सुपात धान्य दाखवतात तसा. आत काही नव्हतं. विटलेलं हिरवं कापड, त्यावर कधीच्या हळदीचा एक डाग.

"बगा अक्का," ती म्हणाली. चार महिन्यांत भावाकडून तिनं मराठी बरीच उचलली होती. "हात घाला. आता काय न्हाय त्यात."

मी हात घातला नाही. ती तशीच ओचा पसरून उभी राहिली, मी बघून घ्यावं म्हणून, पत्र्याच्या खोलीत, घामानं निथळत. बाहेर नाकेदार खडू घेऊन वाट बघत होता. मला क्षमा माग म्हणणारं कुणी नव्हतं आणि मागायचं माझ्या अंगात नव्हतं. मला एकच शब्द येत होता. मी दारातून ओरडले, "पाक!"

तिनं ओचा खोवला, पदर सावरला आणि गाडीत जाऊन बसली. नाकेदारानं पेटीवर खडूची खूण केली. गाडी लातूरकडं गेली, आणि धूर बराच वेळ बाभळींवर राहिला.

"आत्या!" दत्ता बाहेरून ओरडला. त्याचे फोटो काढून झाले होते. "काय हाय का आत? काय मिळालं का जुनं?"

शेळ्या माझ्या पायाशी हुंगत होत्या. टेबल होतं तिथं दावं बांधायचा खुंटा आहे. मी खाली वाकून बघितलं, का ते मला विचारू नका.

"पाक," मी म्हणाले.

"कसला पाक?" तो हसत दारात आला. "गोड खावं वाटलं व्हय? आवं, मग सांगायचं की. ह्यो घ्या पेढा. पोराच्या नावचा हाय, न्हाय म्हनू नगा."

त्यानं माझा हात पुढं ओढला, उघडला आणि त्यावर पेढा ठेवला. बाहेर रूळ ट्रकात पडत होते. नको म्हणायचं होतं मला. मी खाल्ला. गोड होता.